अठरा वर्षं न भरलेला वर्ग

पाऊलवाट | रविवार, सकाळी १०.१५

गेल्या महिन्यात मुलाचा एक मित्र आणि त्याची आई आमच्याकडे आले होते. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. तो मित्र अकरावीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात खेळतो (इथला फुटबॉल, हेल्मेटवाला). दोन-तीन विद्यापीठांचे प्रशिक्षक त्याच्या मागे आहेत. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. कागदपत्रं बघायला मी चिकाटीची आहे असं तिला माझ्या मुलाने सांगितलं होतं, म्हणून ती फाइल घेऊन आली.

जेवणं झाल्यावर त्याच टेबलावर गुणपत्रिका पसरली. एनसीएए म्हणजे कॉलेजांतल्या खेळांचं नियमन करणारी इथली संघटना. तिच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, खेळायचं तर शाळेतले सोळा मूळ विषय लागतात, त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत व्हायला हवेत, आणि त्या सोळांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी, साधारण चारपैकी). मी पिवळा हायलायटर घेतला आणि एकेक ओळ रंगवत गेले. नऊ ओळी पिवळ्या झाल्या. उन्हाळ्यात एक विषय घेतला की दहा. आईने सुटकेचा श्वास टाकला, डोळे पुसले आणि पाणी मागितलं.

मग मी सहज विचारलं, "अरे, पण तुला शिकायचंय काय?" तो आधी आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोच सांगतील ते."

त्या उत्तराने माझी झोप गेली, कारण आमच्या घरापासून अर्ध्या तासावर चॅपल हिल आहे. तिथे काय घडलं ते आपल्या लोकांना नीट ठाऊक नसतं, म्हणून हा धागा.

चॅपल हिलची युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना हे अमेरिकेतलं पहिल्या फळीतलं सरकारी विद्यापीठ. बास्केटबॉल म्हणजे इथला देव. मायकल जॉर्डन इथलाच. तिथल्या आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं असे वर्ग चालू होते जे कधी भरतच नव्हते. प्राध्यापक नाही, तास नाही, हजेरी नाही. सत्राच्या शेवटी एक निबंध द्यायचा. तो तपासत कोण? विभागाच्या कार्यालयात काम करणाऱ्या डेबोरा क्राउडर. त्या प्राध्यापक नव्हत्या, कचेरीचा कारभार बघत होत्या. निबंध धड न वाचता बहुतेकदा ए नाहीतर बी देऊन टाकायच्या. विभागप्रमुख जुलियस न्यांगोरो यांचं या सगळ्याला अभय होतं. विद्यार्थी या वर्गांना 'पेपर क्लास' म्हणत.

माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टाइन यांचा चौकशी अहवाल २२ ऑक्टोबर २०१४ ला आला. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी असा किमान एक वर्ग घेतला होता. विद्यापीठात खेळाडूंचं प्रमाण शेकडा चारच्या आसपास, पण या वर्गांतल्या नोंदींत जवळजवळ निम्मी नावं खेळाडूंची.

हे आपोआप झालं नाही. खेळाडूंच्या अभ्यासावर देखरेख ठेवायला विद्यापीठात वेगळं केंद्र असतं. तिथले सल्लागार मुलांना या वर्गांत पाठवत होते. क्राउडर २००९ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हा त्या केंद्रात धावपळ उडाली. नोव्हेंबर २००९ मध्ये सल्लागारांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांसमोर एक स्लाइड दाखवली. तिचा आशय असा: आम्ही मुलांना अशा वर्गांत घालत होतो जिथे जावं लागत नव्हतं, टिपणं काढावी लागत नव्हती, जागं राहावं लागत नव्हतं, प्राध्यापकांना भेटावं लागत नव्हतं, विषयात लक्षही घालावं लागत नव्हतं. आणि खाली ठळक अक्षरांत, हे वर्ग आता उरलेले नाहीत. त्याच सत्रात फुटबॉल संघाचा सरासरी जीपीए २.१२१ वर आला. दहा वर्षांतला नीचांक.

लोक याला 'खेळाडूंनी केलेली फसवणूक' म्हणतात. मला ते पटत नाही. फसवले गेले ते खेळाडू. अंग मोडून खेळायच्या बदल्यात त्यांना एकच गोष्ट कबूल केली होती, शिक्षण. तीच दिली नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोरडवाहू | रविवार, सकाळी ११.०२

ताई, धागा महत्त्वाचा आहे, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मतदान करतो, गाडी चालवतो. वर्ग भरत नाही आणि तरी ए मिळतोय, हे त्याला कळत नव्हतं? कळत होतं. त्याने घेतला, कारण सोयीचं होतं. शिवाय निम्मे विद्यार्थी खेळाडू नव्हतेच. त्यांनाही बिचारे म्हणायचं का?

पाऊलवाट | रविवार, दुपारी १२.३०

कोरडवाहू, जे खेळाडू नव्हते त्यांनी तो वर्ग स्वतः शोधून काढला होता. बाकीचे सगळे दरवाजे त्यांना उघडे होते. खेळाडूचं तसं नसतं.

त्याची आठवड्याची वही डोळ्यांसमोर आणा. पहाटे व्यायाम, दुपारी सराव, संध्याकाळी सामन्यांच्या चित्रफिती, शनिवारी सामना, त्यासाठी शुक्रवारी प्रवास. दुपारची प्रयोगशाळा घेता येत नाही कारण त्याच वेळी सराव असतो. त्यातून उरतं त्यात सल्लागार म्हणतो, "हे तीन विषय घे." मायकल मॅकाडू नावाच्या फुटबॉलपटूने पुढे विद्यापीठावर दावा लावला. त्याचं म्हणणं हेच होतं, की मला जे शिकायचं होतं ते बाजूला सारून ठरावीक विषयांतच ढकललं गेलं.

मॅकाडूची गोष्ट तर फारच विलक्षण आहे. २०१० मध्ये एनसीएएने त्याला कायमचं अपात्र ठरवलं. गुन्हा काय, तर शिकवणी घेणाऱ्या मुलीने त्याच्या निबंधाची संदर्भसूची नीट लावून दिली. त्याने कोर्टात धाव घेतली, तेव्हा तो निबंध कोर्टाच्या कागदपत्रांत जोडला गेला आणि २०११ मध्ये सार्वजनिक झाला. मग नॉर्थ कॅरोलायना स्टेट या शेजारच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या चाहत्यांनी, आपल्यासारख्याच एका चर्चामंचावर, त्यातली वाक्यं शोधयंत्रात टाकून बघितली. परिच्छेदच्या परिच्छेद उचललेले निघाले. चौकशी करणाऱ्यांना, विद्यापीठाच्या शिस्तसमितीला, एनसीएएला, कुणालाच ते दिसलं नव्हतं. सूची कुणी लावली ते तपासलं, आत काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही.

मला या प्रकरणातली सर्वांत दुखरी जागा हीच वाटते. त्या मुलाने लिहिलेलं एकही अक्षर कुणाला वाचायचं नव्हतं.

चाफा | रविवार, दुपारी २.४५

शेवटचं वाक्य वाचून थांबले.

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात पीएचडी करताना चार वर्षं शिकवणी सहायक होते (नाव लिहीत नाही, चॅपल हिल नव्हे). माझ्या संख्याशास्त्राच्या तासाला एक बास्केटबॉल खेळणारा मुलगा होता. साडेसहा फूट उंच, शेवटच्या बाकावर गुडघे मावायचे नाहीत म्हणून तिरका बसायचा. पहिल्या चाचणीत शंभरपैकी एकतीस. दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या अभ्यास केंद्रातून ईमेल आली, अतिशय गोड भाषेत. 'त्याची काय काय सुधारणा होऊ शकेल, जास्तीच्या गुणांसाठी काही करता येईल का, या सत्रात त्याला किमान सी लागतो.' ओळीच्या शेवटी हसरा चेहरा.

मी त्याला बोलावलं. अपूर्णांक येत नव्हते. म्हणजे तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांत मोठं कोण, हे सांगता येत नव्हतं. मी पोळीची गोष्ट सांगतात तसं कागदी ताटली कापून दाखवली. चाळीस मिनिटांनी त्याला ते कळलं, तेव्हा त्याने ताटलीचे तुकडे खिशात घातले. म्हणाला, माझ्या धाकट्या बहिणीला दाखवतो.

त्यानंतर तो तीनदा आला. मग मोसम सुरू झाला आणि यायचा बंद झाला. पुढची गृहपाठं मात्र बिनचूक येऊ लागली, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. मी प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "पुरावा आहे?" पुरावा नव्हता. त्याला सी मिळाला. तो मीच भरला यादीत.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. कोरडवाहू, त्याला कळत होतं का, असं तुम्ही विचारता. हो, कळत होतं. पण अपूर्णांक कळल्यावर ताटली खिशात घालणारा मुलगा तोच होता.

सह्यकडा | रविवार, संध्याकाळी ५.२०

चाफाताई, लिहिलंत ते बरं केलंत.

कायद्याची बाजू थोडी मांडतो, कारण एनसीएएचा निकाल बहुतेकांना कळत नाही. १३ ऑक्टोबर २०१७ ला ग्रेग सँकी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की शैक्षणिक नियमांचा भंग सिद्ध होत नाही. विद्यापीठाला दंड नाही, काढून घेतलेलं एकही विजेतेपद नाही. फक्त न्यांगोरो यांच्यावर पाच वर्षांचा ठपका, तोही चौकशीला सहकार्य न केल्याबद्दल.

कारण दोन. एक, हे वर्ग सगळ्यांना खुले होते, त्यामुळे 'खेळाडूंना खास सवलत' म्हणता येत नाही. दोन, एखादा अभ्यासक्रम खरा की खोटा हे ठरवायचा हक्क त्या विद्यापीठाचा, आणि विद्यापीठ म्हणालं, आमच्या तेव्हाच्या नियमांत तो बसत होता.

आता हे बघा. विद्यापीठाला मान्यता देणारी जी संस्था आहे तिच्यापुढे याच विद्यापीठाने 'शैक्षणिक फसवणूक' हे शब्द वापरले होते. त्या संस्थेने जून २०१५ मध्ये वर्षभर त्यांना देखरेखीखाली ठेवलं. एनसीएएपुढे आल्यावर विद्यापीठाने सांगितलं की ते शब्द चुकून पडले. समितीने ही कोलांटउडी निकालपत्रात नोंदवली, आणि तरीही हात वर केले.

कायदा म्हणून निकाल चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. नियमच तसा लिहिलेला होता. पण नियम कुणी लिहिला? सभासद विद्यापीठांनीच.

मातीतला | रविवार, रात्री ९.१०

हे वाचताना मिनेसोटा आठवलं. तिथे मी आठ वर्षं होतो. माझ्या आधीची गोष्ट, पण जुनी मंडळी अजून सांगतात. मार्च १९९९ मध्ये सेंट पॉलच्या 'पायोनियर प्रेस'ने बातमी छापली की जॅन गँगलहॉफ या कार्यालयीन कर्मचारी बाईंनी पाच वर्षांत बास्केटबॉलच्या खेळाडूंसाठी चारशेहून जास्त गृहपाठ आणि निबंध लिहून दिले. बातमी आली ती राष्ट्रीय स्पर्धेतल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. लोक चिडले, पण कुणावर? वर्तमानपत्रावर. पुढच्या वर्षी त्याच बातमीला पुलित्झर मिळालं, आणि १९९७ च्या संघाची अंतिम चारमधली मजल नोंदींतून पुसली गेली.

म्हणजे मिनेसोटात बाईंनी निबंध लिहिले, म्हणून फसवणूक. चॅपल हिलमध्ये बाईंनी निबंध न वाचता गुण दिले, म्हणून अभ्यासक्रम.

कोरडवाहू | रविवार, रात्री १०.०५

मातीतला, हे मान्य. मिसुरीचंही तसंच. तिथल्या एका शिकवणी घेणाऱ्या बाईने बारा खेळाडूंची कामं केली, विद्यापीठाने स्वतः कळवलं, सहकार्य केलं, आणि २०१९ मध्ये फुटबॉलसह तीन खेळांना मोसमानंतरच्या स्पर्धांची बंदी बसली. जो कबूल करतो तो मार खातो.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. सगळा दोष संस्थेचा म्हटलं की माणसाला काही जबाबदारीच उरत नाही.

निळाई | सोमवार, सकाळी ७.३०

मी चॅपल हिलची माजी विद्यार्थिनी. या धाग्यावर लिहावं की नाही असा रात्रभर विचार केला.

माझं पदवीचं शिक्षण त्याच काळातलं. विषय वेगळा होता, पण आफ्रिकन अभ्यास विभागात मी दोन वर्ग घेतले. दोन्ही खरे होते. एका सरांनी आम्हाला वसाहतकाळातल्या पूर्व आफ्रिकेतल्या रेल्वेबद्दल, तिथे नेलेल्या भारतीय मजुरांबद्दल शिकवलं. मला माझ्याच देशाबद्दल जे माहीत नव्हतं ते त्या वर्गात कळलं. निबंध परत आला तेव्हा समासात लाल शाईने इतकं लिहिलेलं होतं की माझं लिखाण कमी आणि त्यांचं जास्त.

२०१४ नंतर मी मुलाखतीला गेले की गुणपत्रिकेतल्या त्या दोन ओळींवर समोरच्याची नजर थांबायची. एकाने विचारलंच, "हे त्यातले का?" कृष्णवर्णीय लोकांचा इतिहास शिकवायला असे विभाग किती झगडून उभे राहिले ते वाचा. आणि दुर्बळ समजल्या गेलेल्या मुलांना लपवायला नेमका तोच विभाग वापरला गेला. तिथे प्रामाणिकपणे शिकवणाऱ्यांचं, शिकणाऱ्यांचं जे नुकसान झालं ते कुठल्याही निकालपत्रात नाही.

क्राउडरबाईंबद्दलही लिहिते. पैशासाठी त्यांनी हे केलं नाही. अहवालात आहे की त्या स्वतः इथेच शिकल्या होत्या आणि धडपडणाऱ्या मुलांना इथे कुणी आधार देत नाही असं त्यांना वाटायचं. बास्केटबॉलवर जीव होता हेही खरं. न्यांगोरो यांनी सांगितलं की त्यांच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडचे दोन खेळाडू गुण कमी पडल्याने विद्यापीठातून बाहेर पडले. एक गावी परतला आणि त्याचा खून झाला, दुसरा तुरुंगात गेला. म्हणून त्यांनी डोळेझाक केली. मी समर्थन करत नाही. पण नुसत्या लबाड माणसांनी हे केलं असतं तर अठरा वर्षं चाललं नसतं. दयाळू माणसांनी केलं म्हणून चाललं.

पाऊलवाट | सोमवार, सकाळी ८.५०

निळाई, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. विभागाबद्दल मी दोन ओळी आधीच लिहायला हव्या होत्या.

दयेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण त्या दयेच्या दुसऱ्या टोकाला काय होतं तेही बघू. जॅन बॉक्सिल या महिला बास्केटबॉल संघाच्या अभ्यास सल्लागार होत्या. त्याच विद्यापीठाच्या नीतिशास्त्र केंद्राच्या संचालक, पुढे प्राध्यापक सभेच्या अध्यक्षही. क्राउडर त्यांना एका खेळाडूच्या निबंधाबद्दल लिहितात: डी चालेल म्हणालात ना? कारण संदर्भ एकही नाही, निबंधाचा वर्गाच्या विषयाशी काही संबंध नाही, आणि आधी कुठेतरी दिलेलाच पुन्हा दिलेला दिसतो. बॉक्सिल यांचं उत्तर: हो, डी पुरे, तेवढाच लागतो तिला.

तेवढाच लागतो. मी हायलायटर घेऊन त्या मुलाच्या ओळी मोजत होते तेव्हा माझ्या डोक्यातही हेच शब्द होते. एक उन्हाळी विषय, तेवढाच लागतो. म्हणून झोप गेली.

जुनाजाणता | सोमवार, दुपारी १.१५

मी १९८१ पासून या देशात आहे. हा रोग आजचा नाही.

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दच १९५० च्या दशकात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळात रूढ केला गेला. कारण तेव्हा खेळाडू मैदानावर जखमी किंवा मृत झाला तर तो कामगार धरायचा का, हे खटले उभे राहत होते. कोलोरॅडोत फोर्ट लुईस कॉलेजकडून फुटबॉल खेळणाऱ्या रे डेनिसनचा १९५५ मध्ये डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्याच्या विधवेने कामगार भरपाई मागितली, मिळाली नाही. तो विद्यार्थी होता म्हणे! ज्या शब्दाने भरपाई नाकारली, त्या शब्दातला 'विद्यार्थी' निदान खरा तरी असावा की नाही?

१९८६ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात शिकवणाऱ्या जॅन केंप यांचा खटला मी रोज वाचत होतो. नापास खेळाडूंना पुढे ढकलतात म्हणून त्यांनी तक्रार केली, त्यांना काढून टाकलं. ज्यूरीने २५ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली, ती पुढे कमी झाली. त्या खटल्यात विद्यापीठाचाच वकील म्हणाला की आम्ही एखाद्या खेळाडूला लिहा-वाचायला शिकवलं तर खेळ संपल्यावर कचरा उचलण्याऐवजी पोस्टात तरी काम करील. हे बचावाचं भाषण होतं. तीन वर्षांनी फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे रडत रडत बोलला. ओक्लाहोमा स्टेटमध्ये चार वर्षं काढली, वॉशिंग्टनच्या संघात नाव कमावलं, आणि वाचता येत नव्हतं.

कोरडवाहू, माणसाची जबाबदारी असतेच. पण ज्याला वाचता येत नाही त्याला आत घेताना ते कुणाला माहीत होतं? घेणाऱ्याला.

तालमीतला | सोमवार, रात्री ९.३५

मी सांगली जिल्ह्यात शारीरिक शिक्षण शिकवतो. अमेरिकेचं मला कळत नाही, कबड्डीचं कळतं.

आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं तर मुलगा कॉलेजचा नियमित विद्यार्थी पाहिजे. म्हणून चांगल्या चढाईपटूचा बी.ए. भाग एकला प्रवेश होतो. फी कॉलेज भरतं. पात्रता अर्जावर सही, शिक्का, फोटो. पोरगं वर्गात दिसत नाही. हजेरी भरते, अंतर्गत गुण पडतात, जर्नल दुसरं कोणीतरी लिहितं. मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो तिथे मीसुद्धा असे अर्ज भरलेत. खोटं कशाला बोलू.

त्यातला एक पोरगा, डावा कोपरारक्षक, काय घोटा धरायचा! तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. कॉलेजने पुढच्या वर्षी नाव काढलं. पाच विषय राहिलेले. तीन वर्षांनी तो भेटला, मला म्हणाला, "सर, भरतीचा अर्ज भरायचाय, पदवी लागते. माझं नक्की कितवीपर्यंत झालंय?" त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. गुणपत्रिका त्याने कधी बघितल्याच नव्हत्या, त्या कॉलेजच्या कपाटात होत्या.

मी त्याच्याबरोबर गेलो, त्या काढून आणल्या. राहिलेल्यातले तीन विषय त्याने नंतर सोडवले. रोज संध्याकाळी माझ्या घरी यायचा, ओट्यावर बसून मराठीचा पेपर सोडवायचा. अक्षर पाचवीतल्या पोरासारखं, पण स्वतःचं. दोन अजून राहिलेत.

आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी बोगस प्रमाणपत्रं निघतात, चौकशा होतात, ते वेगळं. पण जो खरा खेळला त्याच्या हातात पदवी का नाही, याची चौकशी झालेली मी ऐकली नाही.

चाफा | सोमवार, रात्री १०.२०

'अक्षर पाचवीतल्या पोरासारखं, पण स्वतःचं.' सर, नमस्कार.

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी ६.५०

तालमीतला सर, मी रात्री दोनदा वाचलं. गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात होत्या, इथे माझा मुद्दा लंगडा पडतो. ज्याच्या हातात स्वतःचा कागद नाही त्याला निवड होती असं मी म्हणू शकत नाही. मागे घेतो.

एक मात्र विचारायचंय. आता अमेरिकेत खेळाडूंना पैसे मिळतात ना? मग शिक्षणाचा हा देखावा हवा कशाला? पगार द्या, खेळू द्या.

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ९.१५

मिळतात. जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावाचे, जाहिरातींचे पैसे घेता येतात. जून २०२५ मध्ये, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, एकेका विद्यापीठाने आपल्या खेळाडूंना मिळून थेट द्यायची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. आणि मुलं दरवर्षी विद्यापीठ बदलू लागली आहेत. बदलताना आधीचे श्रेयांक नव्या ठिकाणी पूर्ण धरले जातातच असं नाही, त्यामुळे पदवी आणखी लांबते.

पैसे मिळावेत, तो त्यांच्या घामाचा आहे. पण मोठी रक्कम मूठभरांना. पोहणारी, धावणारी, फुटबॉलच्या तिसऱ्या फळीतली मुलं, त्यांना आजही मुख्यतः शिक्षणच मिळायचं आहे. म्हणून देखावा नको हे बरोबर. शिक्षण नको, हे नाही.

एक तांत्रिक गोष्ट पाऊलवाटताईंच्या त्या मुलासाठी. एनसीएएच्या नियमाने खेळत राहायचं तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८० पूर्ण असावा लागतो. हेतू चांगला, मुलं पदवीकडे सरकावीत. पण परिणाम असा की दुसऱ्या वर्षी कुणाला विषय बदलावासा वाटला तर आधीचे श्रेयांक नव्या पदवीला लागू होत नाहीत आणि पात्रता धोक्यात येते. म्हणून सल्लागार पहिल्याच सत्रात सर्वांत लवचिक विषयात घालतात. पहिलं सत्र फार महत्त्वाचं. तेव्हा निवड चुकली की सुटका कठीण.

निळाई | मंगळवार, सकाळी ११.४०

मेरी विलिंगहॅम यांचं नाव अजून आलं नाही. खेळाडूंच्या केंद्रात वाचन शिकवायच्या. काही मुलांना नीट वाचता येत नाही हे त्यांनी पत्रकार डॅन केन यांना आणि नंतर जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या आकड्यांवर विद्यापीठाने आक्षेप घेतला, वाद झाला, त्यांनी नोकरी सोडली, २०१५ मध्ये ३ लाख ३५ हजार डॉलरवर तडजोड झाली. आकड्यांचा वाद तज्ज्ञ घालोत. त्या मुलांशेजारी बसून शब्द फोडून वाचायला शिकवणारी बाई ती होती, आणि माझ्या ओळखीतल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांनी तिलाच घरभेदी म्हटलं. मीही तेव्हा गप्प बसले. २०१७ च्या एप्रिलमध्ये आम्ही बास्केटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलो तेव्हा चॅपल हिलच्या फ्रँकलिन स्ट्रीटवर नाचणाऱ्यांत मी होते.

मातीतला | मंगळवार, दुपारी १.००

ताई, त्या मुलाचं पुढे काय झालं? आणि तो शिकायला काय म्हणतो?

पाऊलवाट | मंगळवार, रात्री १०.३०

सह्यकडा, तुमचं पहिल्या सत्राचं मी छापून घेतलं आणि आज संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. आई कामावर जायच्या तयारीत होती, गणवेश घालून. मुलगा आणि मी ओट्याशी उभे राहून बोललो.

मी परत तेच विचारलं. या वेळी आईकडे न बघता म्हणाला, "पाण्याचं काहीतरी." जॉर्डन लेकवर आजोबांबरोबर मासे पकडायला जातो. काही उन्हाळ्यांत पाण्यावर हिरवा थर येतो, मग लोकांना पाण्यात उतरू नका म्हणतात. तो थर का येतो, हे त्याला जाणून घ्यायचंय. शाळेत विचारलं होतं, बाईंनी शेवाळाचं नाव सांगितलं, ते त्याने फोनवर लिहून ठेवलंय. दाखवलं मला. स्पेलिंग चुकलेलं होतं.

पर्यावरणशास्त्र घ्यायचं तर प्रयोगशाळा येणार, आणि त्या बहुतेक दुपारी. म्हणून आम्ही तिघांनी मिळून एक कागद लिहिला. येत्या शनिवारी एका विद्यापीठाचं बोलावणं आहे, तिथे विचारायचे प्रश्न. दुपारी प्रयोगशाळा असेल तर सरावाला उशिरा आलेलं चालेल का? तुमच्या संघातलं सध्या कोण विज्ञान शिकतंय, त्याच्याशी आम्हाला एकटं बोलू द्याल का? गुडघा गेला तर स्कॉलरशिप किती वर्षं राहील, ते लिहून द्याल का? हा तिसरा प्रश्न तालमीतला सरांच्या त्या कोपरारक्षकाचा आहे. मी त्यांना ती गोष्ट सांगितली.

चौथा प्रश्न आईने स्वतः घातला. गुणपत्रिका घरी येईल का, माझ्या नावाने?

कागद तिने घडी घालून गणवेशाच्या खिशात ठेवला. शनिवारी काय उत्तरं मिळतात ते इथेच लिहीन.